दहा क्रमांकाचा सदरा



या व्यासपीठावर विद्वान माणसे येऊन गेली आहेत आणि उद्या-परवा आणखी येणार आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण मोंढ्यात पोत्यांवर बसून, जुनी वर्तमानपत्रे आणि वाचनालयातील पुस्तके वाचून झाले. त्यामुळे कार्यकर्ते मंडळींनी विषय विचारला तेव्हा "हमालांचे प्रश्न" किंवा "ऊसतोड कामगारांची स्थिती" असे काहीतरी मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी "खेळाडूचा अकाली मृत्यू" हा विषय सांगितला, तेव्हा त्यांना थोडे आश्चर्य वाटले. परंतु मी विषय बदललेला नाही, हे शेवटपर्यंत ऐकाल तर आपल्याच ध्यानात येईल.

२००४ सालची गोष्ट आहे. तेव्हा मी पस्तिशीच्या आत होतो. आपल्या भागातील काही माणसे गोव्यात रस्त्याच्या आणि बांधकामाच्या कामावर गेली होती. त्यांच्या मजुरीचा तंटा होता म्हणून मी वास्को येथे काही दिवस राहिलो होतो. मला फुटबॉलची काही माहिती नव्हती. आपल्याकडे खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि खो-खो. खो-खोत तर आपल्या जिल्ह्याने नाव काढले आहे. सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो आपल्या सर्वांना आपल्याच घरचा वाटला. गोव्यात मात्र फुटबॉल म्हणजे जत्रेतील कुस्ती आणि गावचा सप्ताह एकत्र केल्यासारखे आहे. विल्यम लायन्स नावाच्या एका आयरिश धर्मोपदेशकाने १८८३ साली शिवोलीला हा खेळ आणला, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. खोलीमालकापासून मासे विकणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाचा आपला एक संघ ठरलेला असतो.

त्या डिसेंबरच्या ५ तारखेला, रविवारी, बंगळूरच्या कंठीरवा क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला गोव्याचा धेंपो संघ, दुसऱ्या बाजूला कलकत्त्याचा मोहन बागान. धेंपोकडून क्रिस्तियानो ज्युनिअर नावाचा पंचवीस वर्षांचा ब्राझिलियन खेळाडू खेळत होता. आधी तो कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि त्याच वर्षी गोव्यात आला होता. इतक्या थोड्या काळात त्याने गोव्याच्या माणसांना वेड लावले होते. त्या सामन्यात धेंपोने दोन गोल केले आणि दोन्ही त्यानेच केले. दुसरा गोल करताना पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि क्रिस्तियानो जमिनीवर पडला. तो पुन्हा उठला नाही. त्याला रुग्णालयात नेले, पण उपयोग झाला नाही. धेंपोने चषक जिंकला होता, आणि जिंकून देणारा माणूस गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या टपरीवर गेलो. नेहमी तेथे फार बडबड चाले. त्या दिवशी माणसे वर्तमानपत्र एकमेकांकडे देत होती आणि कोणी काही बोलत नव्हते. आमच्या खोल्यांच्या ओळीत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता, त्याचा बाप आपल्याच भागातून खडी फोडायला गेलेला. त्याने आपल्या बनियनवर कोळशाने दहाचा आकडा काढला होता. आईने धुवायला मागितला तरी तो काढून देईना. मी त्याला विचारले, "तू त्याला कधी बघितलं होतंस का रं?" तो म्हणाला, "न्हाई. पण तो आमचा होता."

बंधु-भगिनींनो, त्या वाक्यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. हजारो कोसांवरून आलेला माणूस, भाषा वेगळी, धर्म वेगळा, रंग वेगळा. त्याला या पोराने पाहिलेलेही नाही, आणि तरी तो "आमचा" होता. पोटासाठी परमुलखात गेलेल्या मजुराच्या पोराला, पोटासाठी परमुलखात आलेला खेळाडू आपला वाटला. आम्ही संघटनेवाले वर्षानुवर्षे भाषणे करून माणसामाणसांत जी आपुलकी उत्पन्न करू पाहतो, ती या खेळाडूने चेंडूला पाय लावून केली होती. म्हणून खेळाच्या वेडाला जे लोक रिकामटेकडेपणा म्हणतात, त्यांच्या मताचा मी नाही.

पुढे धेंपो संघाने दहा क्रमांकाचा सदरा त्याच्या स्मरणार्थ कायमचा बाजूला ठेवला. त्या संघात तो क्रमांक पुन्हा कोणाला द्यावयाचा नाही, असे ठरविले. त्याच हंगामात, २००५ साली, धेंपोने राष्ट्रीय लीगचे विजेतेपद प्रथमच मिळविले. गोव्यातील लोक म्हणत, हे त्याच्यासाठी मिळविले.

तो सदरा बाजूला ठेवल्याचे ऐकले तेव्हा माझ्या मनात आमच्या मोंढ्यातला बिल्ला आला. हमालाला क्रमांकाचा बिल्ला असतो. म्हातारा हमाल थकला, कोणी आजारी पडून गेला, तर तो बिल्ला पुढच्या माणसाकडे जातो. त्यात वाईट काही नाही, कारण त्या बिल्ल्यावर एका घराची भाकरी असते आणि तो रिकामा ठेवणे कोणालाच परवडत नाही. पण मला वाटले, आमच्यातल्या एखाद्याचा क्रमांक निदान महिनाभर तरी कोणी रिकामा ठेवला आहे काय? त्याची जागा भरली जाते, ती इतक्या लवकर भरली जाते की तेथे कोणी होता हेही कळत नाही.

आता असे अकाली गेलेले खेळाडू आपल्या महाराष्ट्रातही झाले आहेत. जुन्या मंडळींना सदू शिंदे हे नाव ठाऊक असेल. लेगस्पिन आणि गुगली टाकणारा हा गोलंदाज भारताकडून सात कसोटी सामने खेळला. १९५१ साली दिल्लीच्या कसोटीत त्याने इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत बाद केले आणि पाहुण्यांचा संघ २०३ धावांत आटोपला. २२ जून १९५५ रोजी विषमज्वराने तो गेला, तेव्हा वय अवघे एकतीस. मागे पत्नी आणि लहान मुली. त्यांच्या कन्या प्रतिभाताई या शरद पवारांच्या पत्नी म्हणून आपल्या परिचयाच्या आहेत. त्या काळात कसोटी खेळणाऱ्या माणसालाही पोटासाठी दुसरी नोकरी पाहावी लागे. टाळ्या पुष्कळ होत्या, पण टाळ्यांवर घर चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील गोष्ट तर अलीकडची आहे. फिलिप ह्यूज हा केळीच्या बागा करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीच्या मैदानावर ६३ धावांवर खेळत असताना उसळलेला चेंडू त्याच्या मानेवर लागला आणि दोन दिवसांनी, २७ तारखेला, तो वारला. वय पंचवीस होते. सव्विसाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. त्याचे चाहते काय करावे हे न सुचून आपापल्या घराच्या दारात एकेक बॅट उभी करून ठेवू लागले आणि हे लोण साऱ्या जगात पसरले. त्याची ती खेळी नोंदवहीत "नाबाद ६३" अशी नोंदविली गेली. मरणाने त्याला बाद केले नाही, अशी ती लोकांची भावना होती.

तो चेंडू टाकणारा शॉन ॲबट तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या देशाने त्याला गुन्हेगार ठरविले नाही. खेळाडू आणि प्रेक्षक त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि पुढे चौकशीतही कोणाचा दोष निघाला नाही. आपल्याकडे बंगळूरला टक्कर झालेला गोलरक्षक सुब्रत पाल हा अठराव्या वर्षातला पोर होता. त्याच्यावर लोकांचा फार राग झाला, काही काळ त्याला खेळण्यास मनाईही झाली. तोच पुढे २०११ च्या आशियाई चषकात भारताचा गोल राखीत उभा राहिला आणि त्याच्या खेळाचे कौतुक झाले. मला हे मुद्दाम सांगावयाचे आहे. दुःख झाले की आपण लगेच जवळचा माणूस धरतो. गिरणीत अपघात झाला की शेजारच्या यंत्रावरच्या कामगाराला धरतो, आणि यंत्रावर जाळी का नव्हती हे विचारीत नाही. मैदानावर वैद्य कोठे होता, गाडी कोठे होती, यंत्र कोठे होते, हे प्रश्न राहून जातात, आणि त्या प्रश्नांच्या उत्तरांवरच पुढच्या खेळाडूचा जीव अवलंबून असतो.

याला आधार आहे. इंग्लंडमध्ये २०१२ साली फॅब्रिस मुआम्बा सामना चालू असताना कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे बंद होते, पण तत्काळ उपचार मिळाले आणि तो वाचला. २०२१ साली कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन तसाच कोसळला. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र मैदानाजवळ तयार होते, म्हणून तो वाचला आणि पुन्हा खेळू लागला. ह्यूजच्या मृत्यूनंतर हेल्मेटला मानेमागे संरक्षण आले आणि डोक्याला मार लागल्यास बदली खेळाडू घेण्याचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१९ पासून लागू झाला. म्हणजे जेथे लोक रडून थांबले नाहीत, तेथे पुढची माणसे वाचली.

आता आणखी मागे जाऊ. १९०७ च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडमध्ये टॉमस ब्लॅकस्टॉक नावाचा मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू दुय्यम संघाच्या सामन्यात चेंडू डोक्याने मारून खाली कोसळला आणि वारला. तोही पंचवीस वर्षांचा. चौकशीत "नैसर्गिक मृत्यू" असे ठरले आणि घरच्यांना नुकसानभरपाई मिळाली नाही. त्याच संघात बिली मेरेडिथ नावाचा मोठा खेळाडू होता. वेल्समधील चर्क गावचा. बाराव्या वर्षापासून त्याने कोळशाच्या खाणीत काम केलेले, त्यामुळे संघटना म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागले नाही. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरमध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी खेळाडूंची संघटना उभी केली. ती आजही चालू आहे. मालक म्हणत होते, हा तर खेळ, याला काम कोण म्हणेल? परंतु दोन-तीन वर्षांतच क्रिस्टल पॅलेस संघाच्या वॉकर नावाच्या खेळाडूच्या दाव्यात तेथील न्यायालयाने सांगितले की पगारी खेळाडू हाही कामगारच आहे, आणि कामावर इजा झाली तर कामगाराला जे मिळते ते त्यालाही मिळाले पाहिजे. आपल्या देशात फुटबॉल खेळाडूंची संघटना २००६ साली, बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने झाली. क्रिस्तियानो गेल्यानंतर दोन वर्षांनी.

म्हणून मी आरंभी म्हटले की मी विषय बदललेला नाही. जो अंगमेहनतीने राबतो, ज्याच्या शरीरावर दुसऱ्याचा आनंद किंवा नफा उभा असतो, तो कामगार. मग त्याच्या हातात कोयता असो, खांद्यावर पोते असो, की पायाशी चेंडू असो.

येथपर्यंत मी परमुलखातल्या गोष्टी सांगितल्या. आता घरची सांगतो. ती सांगणे मला जड जाते, पण ती न सांगता खाली बसलो तर हे भाषण खोटे होईल.

आपल्या तालुक्यातील एका गावचा एक पैलवान होता. त्याचे नाव मी सांगत नाही. तो जत्रेच्या फडात उतरला की लोक कडेला बसलेले उठून उभे राहात. येरमाळ्याच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेनंतर आसपासच्या गावांच्या जत्रा सुरू झाल्या की पोरे त्याच्या मागे मागे फिरत. पैलवानाला खुराक लागतो, आणि खुराकाला पैसा लागतो. घरी कोरडवाहू जमीन, तीही थोडी. दिवाळी झाली की तो बायकोसह ऊसतोडीला जाई. ज्या खांद्यांना लोकांनी उचलून धरले, तेच खांदे मोळ्या वाहून गाडी भरीत. एका हंगामात, रात्री उसाची ट्रॉली भरताना, ती मागे सरकली आणि तो तिच्याखाली सापडला. वय सव्वीस.

गावाने काय केले, ते आपल्याला ठाऊकच आहे, कारण सगळीकडे तेच होते. वेशीत त्याचा मोठा फलक लागला. शोकसभा झाली. त्याच्या नावाने दरवर्षी कुस्त्यांचा फड भरवावयाचा असे ठरले आणि वर्गणी जमली. शोकसभेत मीही बोललो. चांगले बोललो असे लोक म्हणाले, आणि मलाही तसे वाटले.

दोन महिन्यांनी त्याची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, मुकादम उचल मागतोय. दोघांची उचल होती. म्हणतो, तू हैस ना जिवंत, तू फेड." मी कागद मागितले. कागद नव्हते. मी मुकादमाकडे गेलो, तेव्हा ज्या वहीत नवराबायकोची एक कोयता म्हणून नोंद होती, ती वहीच नवी झालेली होती आणि तीत त्याचे नाव नव्हते. तो आपल्याकडे कामाला होता हेच कोणी कबूल करीना. ट्रॉलीवाला मुकादमाकडे बोट दाखवी, मुकादम कारखान्याकडे, आणि कारखाना म्हणे, हा माणूस आमच्या पटावर नाही.

या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. त्याचे मुख्य सूत्र असे की कामाच्या ओघात अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. आता ती तरतूद २०२० साली संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतलेली आहे. परंतु तो माणूस कामावर होता, एवढे तरी दाखवावेच लागते. ते दाखविणारे कागद पहिल्या आठवड्यात मिळतात. पोलिसांचा पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, टोळीतल्या माणसांचे जबाब, वहीची नक्कल. त्या आठवड्यात मी शोकसभेचे भाषण तयार करीत होतो. मला कायदा ठाऊक होता, मुकादम ठाऊक होता, वह्या कशा बदलतात हेही ठाऊक होते. तरी मी प्रथम भाषण केले. दावा पुढे लढविला, साक्षी गोळा केल्या, वर्षे गेली, आणि शेवटी जे मिळाले ते तिला मिळावयास हवे होते त्याच्या पाव हिश्शाचेही नव्हते. मधल्या दोन हंगामांत ती बाई दुसऱ्या बाईबरोबर जोडी करून पुन्हा ऊस तोडायला गेली, नवऱ्याची उचल फेडण्यासाठी. त्याच काळात इकडे त्याच्या नावाच्या फडात इनामाच्या कुस्त्या होत होत्या. तिला त्या फडाचे आमंत्रणही गेले नव्हते. त्या वेळी ती तोडीवर होती.

मी कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. गावाचे प्रेम खरे होते. डोळ्यांतले पाणी खरे होते. पण प्रेम करण्याचीही रीत शिकावी लागते, ती आपोआप येत नाही, हे मला त्या बाईने शिकविले. ती मला एक शब्दही वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

म्हणून या सभेपुढे मी थोडक्या गोष्टी ठेवितो. त्या फार मोठ्या नाहीत, आणि सरकारकडे बोट न दाखविता आपल्याला करता येतील अशा आहेत.

आता जत्रांचे दिवस आहेत. ज्या गावात फड भरेल, तेथे पहिली जोड लागण्याआधी पंचांनी विचारावे की वैद्य आला आहे काय आणि जखमीला नेण्यासाठी गाडी उभी आहे काय. दोन्ही नसतील तर कुस्ती लावू नये. लोक आरडाओरडा करतील. थोडा वेळ करू द्यावा. इनामासाठी वर्गणी जमते तीतूनच उतरणाऱ्या पोरांचा विमा उतरवावा. इनाम थोडे कमी झाले तर पैलवान रागावणार नाहीत.

एखादा खेळाडू किंवा कामगार गेलाच, तर फलक लावण्याआधी चार शहाण्या माणसांनी त्याच्या घरी जावे आणि कागद गोळा करावेत. पहिली वर्गणी घराला, दुसरी स्मारकाला. त्याच्या नावाचा फड भरवायचा असेल तर त्याच्या घरच्या माणसाला पुढच्या रांगेत मानाने बसवावे, आणि ती माणसे तोडीवरून परत आल्यावरच फड भरवावा. ज्याच्या हातून अपघात झाला त्या पोराकडेही कोणीतरी जावे, कारण त्यालाही रात्री झोप येत नसते.

गोव्यातला तो खडी फोडणाऱ्याचा मुलगा आता तिशीत असेल. तो कोठे आहे मला ठाऊक नाही. परंतु "तो आमचा होता" हे त्याचे वाक्य मी विसरलो नाही. आमचा म्हणावयाचे तर आमच्या माणसासाठी जे जे करतो ते सारे करावे लागते. दहा क्रमांकाचा सदरा धेंपोने बाजूला ठेवला, ही मोठी गोष्ट झाली. आपल्या पैलवानाचा कोयता मात्र आपण बाजूला ठेवू दिला नाही, तो त्याच्या बायकोला उचलावा लागला. पुढच्या वेळी तसे होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती आपल्याइतकीच माझ्या स्वतःकडेही आहे.